जालन्याची इंग्रजी छावणी व तिच्या भोंवतालच्या वस्त्या (इ. स. १८०३ ते १९०३)

१. विषयप्रवेश

मराठवाड्यांतील जुन्या पेठांत जालन्याचें नांव अग्रभागीं येतें. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण त्या बाजूस अजून लहानथोरांच्या तोंडीं आहे, व पेठेच्या पूर्ववैभवाची साक्ष म्हणून ती सांगितली जाते. परंतु या शहराचा इतिहास कोणी सांगूं लागला म्हणजे तो बहुधा रामायणकाळापासून आरंभ करतो, मोगलाईंत थोडा विसांवतो, असईच्या रणांगणावर येऊन थबकतो आणि तेथून एकदम हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणावर, म्हणजे १९४८ सालावर, उडी घेतो. मधल्या काळांत या शहराच्या अंगाला लागून परक्या फौजेची एक वसाहत बसली, वाढली, तिचें स्वरूप पालटलें आणि शेवटीं ती उठली. या गोष्टीची वास्तपुस्त क्वचितच कोणी करतो.

या उपेक्षेमुळें एक चुकीची समजूत रूढ झाली आहे. ती अशी कीं, १८०३ सालीं असईची लढाई झाली आणि त्या दिवसापासून जालना इंग्रजांचें झालें. ही समजूत तहांच्या कलमांवर टिकत नाहीं. १८०३ च्या अखेरीस जालन्याचा किल्ला व परगणा कंपनीच्या पदरांत पडला हें खरें. परंतु चार महिन्यांतच तो निजामाकडे गेला, आणि पुढें कधींही तो कंपनीचा किंवा राणीसरकारचा मुलूख झाला नाहीं. इंग्रजांची फौज येथें राहिली ती दुसऱ्याच्या राज्यांत, दुसऱ्याच्या जमिनीवर आणि, पुढें दाखविल्याप्रमाणें, दुसऱ्याच्याच पैशानें राहिली. तेव्हां जालन्याच्या या कालखंडाविषयीं तीन प्रश्न विचारले पाहिजेत : मुलूख कोणाचा, खर्च कोणाचा, आणि छावणीच्या आश्रयानें वस्ती कोणाची? प्रस्तुत लेखांत या तीन प्रश्नांचा क्रमानें विचार केला आहे.

२. छावणीपूर्वीचें जालना

प्रथम नांवाचा विचार करूं. गांवाच्या नांवाविषयीं दोन आख्यायिका प्रसिद्ध आहेत. एकीप्रमाणें येथें सीतेचें वास्तव्य झालें म्हणून हें ‘जनकपुर’. दुसरीप्रमाणें जुलाहा म्हणजे विणकर जातीच्या एका धनाढ्य मुसलमान व्यापाऱ्यावरून हें ‘जालना’. दोन्ही व्युत्पत्ति शब्दशास्त्राच्या कसोटीस उतरत नाहींत. ‘जनकपुर’ हा शब्द प्राकृतांतून मराठींत उतरला असता तर स्वरमध्यगत ककाराचा व पकाराचा लोप होऊन ‘जणऊर’, ‘जानोर’ अशा कांहीं रूपास तो पोंचला असता. नकाराच्या ठिकाणीं लकार आणि पुन्हां अखेरीस नकार येण्यास कांहीं कारण दिसत नाहीं. ‘जुलाहा’ शब्दांतील उकार कोठें गेला व ‘ना’ कोठून आला, याचाही उलगडा त्या दुसऱ्या आख्यायिकेंत नाहीं. शिवाय जुलाहा हा शब्द हिंदुस्थानी. मराठींत विणकरांस साळी, कोष्टी, मोमीन अशीं नांवें आहेत. दरबारी लेखांत ‘जालनापूर’ असें रूप येतें, त्यावरून मूळ नांव ‘जालना’ हेंच असून ‘पूर’ हें उपपद त्यास मागाहून जोडलें, हें उघड आहे. ‘योगाद्रूढिर्बलीयसी’ हा न्याय ग्रामनामांस विशेषच लागू पडतो.

तथापि या आख्यायिका निरर्थक नाहींत. त्या व्युत्पत्ति सांगत नसल्या तरी गांवाची स्वतःविषयींची आठवण सांगतात. पहिलींत प्राचीनत्वाची हौस आहे. दुसरींत मात्र इतिहासाचा अंश आहे, तो असा कीं, ही वस्ती मागाच्या व व्यापाराच्या जोरावर वाढली. काळी मशीद, सराई व मोती तलाव हीं जमशेदखानाच्या नांवाशीं जोडलेलीं कामेंही हेंच सांगतात. सराई म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या काफिल्यांचा मुक्काम. तलाव म्हणजे मोठ्या वस्तीस पाणी. औरंगाबादेहून (आतांचें छत्रपति संभाजीनगर) पूर्वेस वऱ्हाडाकडे व दक्षिणेस गोदातीराकडे जाणारा माल या गांवावरून जात असे.

पेठेच्या श्रीमंतीचा निर्विवाद पुरावा १६७९ सालचा आहे. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत शिवाजी महाराजांनीं जालनापूर लुटलें. नगराबाहेर सय्यद जान महंमद नांवाच्या साधूचा तकिया होता. महाराज साधुसंतांच्या स्थानांस हात लावीत नाहींत हें ठाऊक असल्यामुळें सावकारांनीं आपलें धन तेथें नेऊन ठेविलें, व त्यामुळेंच तो तकियाही लुटला गेला. परततांना मोगल फौजेनें गांठलें, त्या झुंजींत सिधोजी निंबाळकर पडला, आणि बहिर्जीनें दाखविलेल्या आडवाटेनें महाराज पट्टा किल्ल्यावर पोंचले; तोच पुढें विश्रामगड झाला. जालन्यास या मोहिमेंत स्थान मिळालें तें एवढ्याचसाठीं कीं, दूरवरून घोडीं दामटून यावें इतकें धन तेथें होतें.

अठराव्या शतकांत जालन्यास लष्करी महत्त्व आलें. १७२४ च्या ऑक्टोबरांत साखरखेर्ड्याच्या लढाईंत मुबारिजखानास मारून निजामुल्मुल्क आसफजाह दक्षिणेचा धनी झाला. त्याच्या हुकुमानें काबिलखानानें १७२५ सालीं जालन्याचा किल्ला बांधला. त्याच्या बालेकिल्ल्यास मस्तगड म्हणतात. नव्या राज्याचा पाया ज्या रणांगणावर घातला गेला, त्याच्याच वाटेवर दुसऱ्या वर्षीं हा किल्ला उभा राहिला, हा योगायोग नव्हे. दोनच वर्षांनीं, १७२७ च्या अखेरीस, पहिल्या बाजीरावानें पालखेडच्या मोहिमेच्या आरंभीं याच प्रांतांत धुमाकूळ घातला व निजामाचा सरदार ऐवजखान याच्याशीं जालन्याजवळ त्याची चकमक झाली. पुढें मराठे व निजाम यांच्या झटापटींत हा मुलूख या हातांतून त्या हातांत गेला, आणि शतकाच्या अखेरीस जालन्याचा किल्ला व परगणा दौलतराव शिंद्याच्या ताब्यांत होता. ही शेवटची गोष्ट पुढील प्रकरण समजण्यास अवश्य आहे.

३. सन १८०३ ची मोहीम

३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईच्या तहावर दुसऱ्या बाजीरावानें सही केली. त्या तहास शिंदे व नागपूरकर भोसले यांनीं मान्यता दिली नाहीं. ६ ऑगस्ट १८०३ रोजीं जनरल आर्थर वेलस्लीनें युद्ध पुकारलें, आणि योगायोग असा कीं, त्याच दिवशीं हैदराबादेस निजाम अल्लीखानाचा अंत होऊन लागलीच सिकंदरजाह गादीवर आला. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला पडला. त्यानंतर शिंदे व भोसले अजिंठ्याचा घाट चढून जालन्यावर आले. निजामाच्या मुलुखावर ही स्वारी होती असें इंग्रजी ग्रंथांत लिहिलेलें असतें; तें मोहिमेपुरतें खरें असलें तरी जालन्याच्या बाबतींत शिंदे आपल्याच ठाण्यावर आले होते. कर्नल स्टीव्हन्सननें २ सप्टेंबर रोजीं जालना घेतलें, तें शिंद्याचें ठाणें म्हणूनच घेतलें.

२१ सप्टेंबरला बदनापुरास वेलस्ली व स्टीव्हन्सन यांची भेट झाली. जालना व बदनापूर यांच्या मधल्या डोंगरांच्या दोन बाजूंनीं दोघांनीं वेगवेगळ्या वाटांनीं उत्तरेकडे जावें, व २४ तारखेस भोकरदनच्या बाजूस मराठ्यांच्या तळावर एकदम तुटून पडावें, असा बेत ठरला. परंतु २३ तारखेस वेलस्ली एकटाच मराठ्यांच्या तळाशीं येऊन ठेपला. केळणा व जुई या दोन नद्यांच्या दुआबांत मराठ्यांची फौज पसरली होती. वाटाड्यांनीं सांगितलें कीं नदीस उतार नाहीं. वेलस्लीला मात्र पिंपळगांव व वरूड हीं दोन गांवें नदीच्या दोन कांठांस समोरासमोर वसलेलीं दिसलीं, व त्यानें तर्क केला कीं इतकीं जवळजवळ गांवें उतारावांचून असणार नाहींत. तर्क खरा ठरला. दख्खनच्या ग्रामरचनेंतील ही साधी गोष्ट, कीं नदीपलीकडच्या गांवाशीं सोयरीक, बाजार व गुरांची ये-जा असतेच, त्या दिवशीं लढाईच्या निकालास कारण झाली.

लढाईचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे, तें येथें पुन्हां करीत नाहीं. मराठ्यांची कवायती पायदळें पोलमन नांवाच्या हानोव्हरवासी सरदाराच्या हाताखालीं होतीं, त्यांत बेगम समरूच्याही पलटणी होत्या. त्यांच्या तोफखान्यानें इंग्रजांचा इतका संहार केला कीं वेलस्लीकडील ४२८ ठार व ११३८ जखमी झाले, आणि बेपत्ता धरून ही संख्या १५८४ झाली. मराठ्यांच्या ९८ तोफा इंग्रजांच्या हातीं लागल्या. जखमींची सोय दौलताबादेस करावी असें वेलस्लीच्या मनांत होतें; परंतु निजामाच्या किल्लेदारानें दरवाजा उघडला नाहीं, म्हणून जखमी अजिंठ्यास नेले. दोस्ताच्या राज्यांतही दोस्ताचा किल्ला मिळत नाहीं, हा अनुभव इंग्रजांस त्या वेळीं आला. आपल्या फौजेस स्वतःची हक्काची जागा हवी, ही निकड त्यांस कां वाटली असेल, तें या एका प्रसंगावरून ध्यानांत येतें.

या लढाईच्या मागोमाग १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ दख्खनवर आला. पाऊस फसलाच होता. त्यांत होळकर, पेंढारी, शिंदे, भोसले व इंग्रज यांच्या फौजांनीं वैरण-धान्य खाऊन टाकलें होतें. इंग्रजी फौजेचें धान्य वंजाऱ्यांच्या बैलांवर चाले; ज्या तांड्यांनीं शांततेच्या काळांत जालन्याच्या पेठेंत धान्य व मीठ आणावयाचें, तेच तांडे फौजांच्या मागें गुंतले. असईचा विजय लंडनांत साजरा झाला. त्याचा हिशोब येथील रयतेनें उपासमारीनें चुकता केला.

४. मुलूख कोणाचा?

३० डिसेंबर १८०३ रोजीं सुर्जी-अंजनगांव येथें शिंद्याशीं तह झाला. त्याच्या एका कलमानें दौलतरावानें अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील आपला मुलूख सोडला. त्यांत जालनापूरचा किल्ला व परगणा, गंगापूरचें शहर व परगणा, आणि डोंगर व गोदावरी यांच्यामधले बाकीचे परगणे असा स्पष्ट उल्लेख आहे. शिंदे घराण्याचीं कांहीं वतनी गांवें मात्र राखून ठेवलीं होतीं व त्यांत अंबड परगण्यांतील सहा गांवें होतीं. राज्य गेलें तरी वतन राहतें, या मराठी कल्पनेस इंग्रजांनींही त्या वेळीं मान दिला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

पुढें २८ एप्रिल १८०४ रोजीं जिंकलेल्या मुलुखाच्या वांटणीचा तह झाला, आणि अजिंठ्याच्या दक्षिणेकडील हा भाग निजामास मिळाला. म्हणजे जालन्यावर कंपनीची सत्ता काय ती चार महिन्यांची.

शेजारच्या अंबडाची हकीकत निराळी आहे. मत्स्योदरी देवीच्या या स्थानीं होळकरांचा अंमल होता व अहिल्याबाईंचें नांव तेथें अजून आदरानें घेतात. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानें होळकरांनीं सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख सोडला, त्यांत अंबडही गेलें. व १८२२ च्या डिसेंबरांत निजामाशीं झालेल्या तहाच्या देवघेवींत असे विखुरलेले परगणे निजामाच्या राज्यांत एकवटले. याप्रमाणें आज ज्यास जालना जिल्हा म्हणतात त्या प्रदेशांतील शिंद्यांची व होळकरांची ठाणीं दोन दशकांच्या आंत एका धन्याखालीं आलीं. तो धनी हैदराबादचा होता. परंतु त्याच्या दाराशीं पहारा इंग्रजांचा होता.

५. खर्च कोणाचा?

येथें एक घोंटाळा निवारणें अवश्य आहे. जालन्याच्या संबंधानें ‘इंग्रजी फौज’ असें ज्यास ढोबळपणें म्हणतात, त्या वस्तुतः दोन भिन्न फौजा होत्या.

पहिली सहायक किंवा तैनाती फौज. १२ ऑक्टोबर १८०० च्या तहान्वयें निजामानें आठ पलटणी पायदळ व दोन रिसाले घोडदळ, तोफांसह, आपल्या राज्यांत ठेवून घ्यावयाचें कबूल केलें. ही फौज कंपनीची, तिचे शिपाई मद्रास इलाख्याचे, अधिकारी इंग्रज. खर्चासाठीं निजामानें टिपूवरील दोन युद्धांत मिळालेला बल्लारी, कडप्पा वगैरे मुलूख कायमचा देऊन टाकला. या फौजेचें एक अंग सिकंदराबादेस व दुसरें जालन्यास असे. जालन्यास कां, हें नकाशा पाहिल्यास कळतें. अजिंठ्याचा घाट, वऱ्हाडची वाट, औरंगाबाद व गोदावरीचे उतार या सर्वांवर येथून नजर राहते. शिंदे, भोसले व पेंढारी या तिघांसही येथून अडवितां येतें. १८१७ सालीं हैदराबादच्या तैनाती फौजेचा सेनापति जनरल डव्हटन हा वऱ्हाडांतून नागपुरावर गेला, व १६ डिसेंबर रोजीं आप्पासाहेब भोसल्याच्या फौजेचा त्यानें मोड केला. १८१९ च्या एप्रिलांत असीरगड पडला, तेव्हांही तोच होता. जालना हें या हालचालींचें पाठबळाचें ठिकाण होतें.

दुसरी फौज म्हणजे कंटिंजंट. १८०० च्याच तहांत असें कलम होतें कीं युद्धप्रसंगीं निजामानें आपल्याकडून सहा हजार पायदळ व नऊ हजार घोडदळ मदतीस द्यावें. या कलमाचा आधार घेऊन रेसिडेंट हेन्री रसेल यानें निजामाच्याच नोकरीची, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांखालील, फौज उभारली. ती प्रथम रसेल ब्रिगेड म्हणून प्रसिद्ध होती. युद्धापुरती द्यावयाची मदत शांततेंतही कायमची झाली, आणि तिचा पगार निजामाच्या खजिन्यावर पडला. तो भागविण्यासाठीं पामर कंपनीच्या पेढीकडून जबर व्याजानें कर्जें काढलीं गेलीं. थकबाकी वाढत गेली, आणि २१ मे १८५३ च्या तहानें त्या फौजेच्या खर्चापोटीं वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रांत इंग्रजांच्या हवालीं करावे लागले. १८६० सालीं धाराशिव व रायचूर परत मिळालें; वऱ्हाड परत आलें नाहीं, आणि १९०२ सालीं तें कायमच्या भाडेपट्ट्यानें गेलें.

पुढें जालन्याची छावणी याच कंटिंजंटकडे होती. म्हणजे छावणीचा एक काळ बल्लारी-कडप्प्याच्या सारावसुलीवर चालला व दुसरा वऱ्हाडच्या कापूसकाळीवर. जालन्याच्या रस्त्यावर कवायत करणाऱ्या शिपायाचा पगार दूरच्या तेलुगू वा वऱ्हाडी कुणब्याच्या घामांतून येत होता, हें ज्यानें जाणलें नाहीं त्यास तैनाती पद्धतीचें मर्म कळलें नाहीं.

६. वस्ती कोणाची?

शहराची आजची नांवेंच या प्रश्नास उत्तर देतात. कुंडलिका नदीच्या एका बाजूस जुनें जालना. त्यास कदीम जालना म्हणतात. कदीम म्हणजे जुनें. नदीच्या दुसऱ्या बाजूस कादराबाद, ही व्यापाऱ्यांची तटबंदीची पेठ. आणि तिसरें नांव सदर बाजार. ‘कदीम’ हें विशेषण गांवास कोणी आपण होऊन लावीत नाहीं. शेजारीं कांहीं नवें उभें राहिलें म्हणजेच जुन्यास जुनें म्हणण्याची वेळ येते. नदीपलीकडे नवी पेठ वाढली, तिच्या आधारानें छावणीचा बाजार वाढला, आणि मूळ गांव ‘कदीम’ झालें.

‘सदर बाजार’ हा शब्द छावणीच्या परिभाषेंतला आहे. प्रत्येक पलटणीचा लहान बाजार असे. सर्व छावणीचा मिळून जो मोठा बाजार तो सदर बाजार. त्याचा बंदोबस्त लष्करी अधिकाऱ्यांकडे असे. भाव, वजनें, दारूची विक्री, बाहेरून येणाऱ्यांची नोंद यांवर त्यांची देखरेख चाले. म्हणजे नदी ओलांडून पलीकडे गेलें कीं कायदा बदले. नाणेंही बदले : संस्थानांत निजामाचा हाली शिक्का, आणि इंग्रजी हिशोबांत कलदार रुपया. या दोहोंच्या वटणावळीवर सराफांचा धंदा चाले.

या बाजारांत कोण राहत असे? मद्रासी पलटणींत शिपायांनीं कुटुंबें बरोबर नेण्याची चाल होती. बंगाली फौजेहून ही फौज या बाबतींत निराळी होती. त्यामुळें पलटण आली कीं तिच्याबरोबर बायकामुलांची, म्हाताऱ्या आईबापांची एक सबंध वस्तीच येई. तेलुगू, तमिळ व दखनी या भाषा अशा रीतीनें कुंडलिकेच्या कांठीं येऊन राहिल्या. त्यांच्यामागें भिस्ती, धोबी, मोतद्दार, गवत कापणारे, शिंपी, चांभार, कसाई, भट्टीवाले, दाणेवाले व सावकार. लढाईच्या इतिहासांत यांचीं नांवें येत नाहींत. परंतु छावणी म्हणजे वस्तुतः हींच माणसें. एका लढणाऱ्यामागें अनेक राबणारे असा तत्कालीन फौजांचा प्रकार होता. पलटणी बदलत, अधिकारी स्वदेशीं जात, कांहीं येथल्याच मातींत पुरले जात. भिस्ती व धोबी मात्र पुष्कळदां मागेंच राहत आणि गांवचे होऊन जात.

१९०३ सालीं कंटिंजंट ही स्वतंत्र फौज म्हणून संपली, ती हिंदी सैन्यांत विलीन झाली, आणि जालन्याच्या छावणीचें प्रयोजन उरलें नाहीं. पण त्याच सुमारास, १९०० च्या आगेंमागें, मनमाडहून सिकंदराबादेस जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग जालन्यावरून सुरू झाला. म्हणून छावणी उठली तरी बाजार उठला नाहीं. जी पेठ पलटणींच्या गरजांवर वाढली होती, ती कापसावर व दाण्यावर उभी राहिली. १९०१ सालीं शहराची वस्ती सुमारें वीस हजार होती.

७. बेथेल

जालन्याच्या परिसरांत आणखी एक वसाहत झाली. तिचा उल्लेख आपल्या लेखकांनीं टाळला आणि मिशनरी लेखकांनीं स्तुतिस्तोत्रांत बुडविला. दोन्ही प्रकारांत इतिहास हरवला. ती वसाहत म्हणजे बेथेल.

तिचा संस्थापक नारायण शेषाद्रि हा ब्राह्मण. १८४३ सालीं मुंबईंत स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकत असतां त्यानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयी होता. तोही मिशनरी नेस्बिटच्या घरीं राहिला, तेव्हां बापानें सुप्रीम कोर्टांत दाद मागितली व कोर्टानें मुलगा बापाच्या स्वाधीन केला. त्यास प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें कीं नाहीं यावर मुंबई-पुण्यास रण माजलें. बाळशास्त्री जांभेकरांनीं श्रीपतास परत घेण्याचा पक्ष घेतला व त्याबद्दल सनातनी मंडळीचा रोष पत्करला. धर्मशास्त्र जाणणाऱ्यांस हें ठाऊक आहे कीं बलात्कारानें वा अज्ञानानें भ्रष्ट झालेल्यास प्रायश्चित्तानें शुद्ध करून घेण्याची वाट देवलस्मृतीसारख्या ग्रंथांत मोकळी आहे. अडचण ग्रंथांची नव्हती, मनाची होती.

धाकट्याच्या नांवानें हा वाद गाजला. थोरला मात्र परत आला नाहीं. १८६० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत तो जालन्यास आला. छावणीचें गांव असल्यामुळें मिशनास तेथें पाय ठेवण्यास सोयीचें होतें. पण त्याचें मुख्य काम छावणींत किंवा पेठेंत झालें नाहीं. तें भोंवतालच्या खेड्यांतील मांग व महार वस्त्यांत झालें. या लोकांसाठीं स्वतंत्र गांव वसवावें म्हणून त्यानें जमीन मागितली, आणि निजामाचा दिवाण पहिला सालारजंग यानें ती कांहीं वर्षांच्या सारामाफीनें दिली. हिब्रू भाषेंत ‘बेथेल’ म्हणजे देवाचें घर. तें नांव गांवास दिलें. १८७३ सालीं न्यूयॉर्क येथें भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस नारायण शेषाद्रि गेला होता. १८९१ सालीं जलप्रवासांत त्याचा अंत झाला.

या प्रकरणांत धर्माचा वाद क्षणभर बाजूस ठेवून जमिनीचा विचार करावा. आपल्या गांवगाड्यांत मांग व महार हे बलुतेदार. गांवाच्या शिवेबाहेर त्यांची वस्ती, आणि पोट गांवकीच्या सेवेवर. बेथेलांत तेच लोक गांवाचे मुख्य रहिवासी झाले, शिवेच्या बाहेरचे न राहतां शिवेच्या आंतले झाले. ही सोय त्यांस करून देणारा एक धर्मांतरित ब्राह्मण, आणि जमीन देणारा एक मुसलमान दिवाण. आमच्या कोणाही श्रीमंत देशमुखास वा सावकारास असें गांव वसविण्याची बुद्धि त्या काळीं झाली नाहीं, हें सत्य कडू असलें तरी लिहून ठेवणें इतिहासकाराचें कर्तव्य आहे. परधर्मांत जाणाऱ्यांस दोष देण्यापूर्वीं त्यांस स्वधर्मांत उभें राहण्यास जागा किती होती, हें मोजून पाहिलें पाहिजे. आणि बेथेलच्या बाबतींत तर जागेचें हें माप बिघ्यांनींच करतां येतें.

छावणी व बेथेल या दोन्ही वसाहती निजामाच्या जमिनीवर झाल्या. एक तहाच्या बळानें, दुसरी अर्जानें. एकीचा खर्च सबंध प्रांतांनीं सोसला. दुसरीस कांहीं बिघे जमीन पुरली. एक १९०३ सालीं निष्प्रयोजन झाली. दुसरीचें नांव जालन्याच्या परिसरांत टिकलें.

८. उपसंहार

वरील विवेचनाचें तात्पर्य असें : जालना १८०३ सालीं इंग्रजांनीं जिंकलें, पण १८०४ सालीं तें निजामास दिलें, त्यानंतरची छावणी ही परराज्यांतील छावणी होती. ती प्रथम तैनाती फौजेची व पुढें कंटिंजंटची. तिचा भार अनुक्रमें बल्लारी-कडप्पा व वऱ्हाड या प्रांतांवर पडला. तिच्या आश्रयानें सदर बाजार वाढला व मूळ गांव ‘कदीम’ ठरलें. या सर्वांबरोबर, परंतु या सर्वांहून भिन्न हेतूनें, बेथेल वसलें.

१९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत आलें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला, आणि १ मे १९८१ रोजीं जालना स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा झाला तरी त्याचा इतिहास अजून औरंगाबादच्या इतिहासाची पुरवणी म्हणूनच लिहिला जातो. हें पालटावयाचें तर साधनें गोळा केलीं पाहिजेत. जालना, अंबड व भोकरदन येथील देशमुख-देशपांड्यांचे रुमाल. कादराबादच्या पेढ्यांच्या चोपड्या, ज्यांत हाली व कलदार यांची वटणावळ दिवसवार उतरलेली असते. चर्चच्या बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदवह्या. युरोपीय थडग्यांवरील शिलालेख. आणि भिस्ती, धोबी, वंजारी व मातंग कुटुंबांतील वृद्धांच्या तोंडच्या हकीकती. यांपैकीं कागद वाळवीच्या तोंडीं आहेत, दगड रस्त्याच्या रुंदीकरणाच्या वाटेंत आहेत, आणि वृद्धांचें आयुष्य कोणाच्याच हातीं नाहीं. ज्या सदस्यांचें त्या बाजूस जाणेंयेणें आहे त्यांनीं या साधनांच्या नकला करून मंडळाकडे पाठवाव्या. शहाजहान व वेलस्ली यांच्या चरित्रांस कागदांची वाण नाहीं. कदीम जालन्याच्या व सदर बाजाराच्या माणसांस ती आहे, आणि ती आजच भरून काढतां येईल.